टेक्सासमध्ये हायस्कूलच्या क्रेडिटचे नियम सैल झाले, त्याचा मुलांना खरंच फायदा होतो का?

तुम्ही लिहिलंय की बदली डॅलसला होतेय, मुलगा नववीत जाणार आणि 'इथे हवे ते विषय घेता येतात' असं ऐकलंय. ऐकलंय ते खरं आहे. पण त्या मोकळिकीत एक खाच आहे. माझी मुलगी ह्यूस्टनजवळच्या शाळेतून याच नियमांखाली बाहेर पडली, म्हणून सांगते.

पूर्वी बहुतेक मुलांना 'फोर बाय फोर' असायचं: इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र, चारही विषय हायस्कूलची चारही वर्षं (नववी ते बारावी), एकूण २६ क्रेडिट. वर्षभराच्या विषयाला एक क्रेडिट. ज्याला वेल्डिंगच करायचंय त्यालाही अल्जेब्रा टू, म्हणजे बीजगणिताचा वरचा टप्पा. २०१३ च्या 'हाउस बिल ५' या राज्याच्या कायद्याने हे मोडलं. पाया २२ क्रेडिटचा झाला, गणित-विज्ञान तीन-तीनवर आलं, राज्याच्या परीक्षा १५ वरून ५ झाल्या. वर एंडॉर्समेंट, म्हणजे आवडीच्या दिशेचे जास्तीचे विषय. असे पाच गट आहेत आणि ते घेतलं की पुन्हा २६ क्रेडिट होतात.

इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेचे दोन क्रेडिट लागतात, तिथे प्रोग्रामिंगही चालतं. हे माझ्या आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग मराठीनं काय घोडं मारलंय?"

आता खाच. अल्जेब्रा टू न घेता डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पास झाल्याचं प्रमाणपत्र, मिळतो. पण वर्गातल्या पहिल्या दहा टक्क्यांत येऊन राज्याच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत मिळतो तो थेट प्रवेश हवा असेल तर डिप्लोमाचा 'डिस्टिंग्विश्ड' हा वरचा दर्जा लागतो, आणि त्याला अल्जेब्रा टू लागतंच. शाळेचा नियम सैल झाला, विद्यापीठाच्या दाराचा नाही. आमच्या शेजारचा मुलगा हुशार, दुरुस्तीकामात हात चालणारा. त्याने अल्जेब्रा टू टाळलं. बारावीत इंजिनिअरिंग करावंसं वाटलं, तोवर वेळापत्रकात जागाच उरली नव्हती. नववीत जाताना भरलेल्या फॉर्मवर आईवडिलांची सही होती, पण अल्जेब्रा टू सोडण्याच्या त्या एका ओळीचा अर्थ त्यांना कुणी उलगडून सांगितला नव्हता. आम्हाला तरी कुठे कळत होता? मुलीच्या मैत्रिणीची आई शिक्षिका, तिने सांगितलं म्हणून वाचलो. आपल्याकडे दहावीनंतर पीसीबी घेऊन गणित सोडणाऱ्यांचं होतं तेच. सोडताना हलकं वाटतं, मग इंजिनिअरिंगच्या सीईटीचा फॉर्म समोर येतो.

तरीही मला जुना साचा परत नकोय. माझी मुलगी चार वर्षं नाटकाच्या तालमीत रमली ती या सैल नियमांमुळेच. फक्त सगळ्या शाळांत पाचही गट मिळतात असं धरून चालू नका. कायद्याने तशी सक्ती नाही. गावाकडच्या छोट्या शाळेत एकच गट असेल तर तो 'मल्टिडिसिप्लिनरी', म्हणजे थोडं सगळ्यातलं. तिथे निवड कसली?

म्हणून घर ठरवण्याआधी त्या भागातल्या हायस्कूलचा कोर्स कॅटलॉग मागवा. एंडॉर्समेंट मुलाला आवडेल ती घेऊ द्या, नंतर बदलताही येते. गणिताचं मात्र आधी मांडून घ्या: अल्जेब्रा वन, जिऑमेट्री, अल्जेब्रा टू. शाळेचा कौन्सेलर "अल्जेब्रा टू ऐच्छिक आहे" म्हणाला की लगेच विचारा, "डिस्टिंग्विश्डसाठीसुद्धा?"