शिवणकाम-विणकाम शिकताना आधी बेसिक पक्कं करावं की मनाला येईल ते करायला घ्यावं? मला रोज नवीन काहीतरी सुचतं आणि घरचे 'धरसोड' म्हणतात.

मनाला येईल ते घ्या. तुमच्या प्रश्नातलं 'धरसोड' वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले.

लग्न होऊन नाशिकला आल्यावर मी घराजवळच्या एका शिवण क्लासला नाव घातलं. तिथे सगळा जीव फाईलमध्ये. वीतभर कापडावर धावदोरा, दुसऱ्या तुकड्यावर हेम, तिसऱ्यावर चुण्या, मग काज, मग हूक. प्रत्येक नमुना कागदावर चिकटवायचा आणि खाली नाव लिहायचं. फाईल पुरी झाल्याशिवाय अंगात घालायचं काही शिवायला मिळत नसे. झबल्यापर्यंत पोचायच्या आतच बऱ्याच जणी गळाल्या. बाई म्हणायच्या, चिकाटी नाही. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. चिंधीवरच्या काजात कुणी बटण घालणार नसतं, मग तो नीट व्हावा असं वाटणार कशाला?

त्याच थंडीत मला वडिलांसाठी हाफ स्वेटर विणायचा होता. वडिलांची निफाडला द्राक्षबाग. तिकडे डिसेंबर-जानेवारीत पारा उतरला की मण्यांना तडे जातात, म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. वडील त्या धुरातून फिरायचे ते ॲक्रिलिकच्या विकतच्या स्वेटरवर. त्याला ठिणग्यांची भोकं पडलेली, भोकांच्या कडा वितळून कडक झालेल्या, हात फिरवला की टोचायच्या. ॲक्रिलिकला आच लागली की ते वितळतं आणि कातडीला चिकटतं. खरी लोकर सहजासहजी पेट घेत नाही, ठिणगी पडली तरी तेवढ्यापुरती करपते आणि विझते. हे डोक्यात बसल्यावर मला दुसरं काही सुचत नव्हतं.

आत्या विणकामात तरबेज. तिचं म्हणणं, आधी मफलर कर, मग टोपी, स्वेटरचं पुढच्या वर्षी बघू. मी ऐकलं नाही. मेन रोडवरून खरी लोकर आणली, आठ आणि दहा नंबरच्या सुया आणल्या. येत होते ते फक्त सुलट आणि उलट टाके. पण स्वेटरला दुसरं लागतंच काय? दहा नंबरवर दोन सुलट, दोन उलट घेत गेलं की ताणणारी बॉर्डर होते. आठ नंबरवर एक ओळ सुलट, एक ओळ उलट घेत गेलं की अंग होतं. आधी तळहाताएवढा चौकोन विणून मोजला, 10 सेंमीत 22 टाके बसले. म्हणजे 100 सेंमी घेराला पुढचं-मागचं मिळून 220 टाके, वर सैलपणासाठी थोडे जास्त. एवढा हिशेब आला की कुणाच्याही मापाचं विणता येतं. मुंढ्यापाशी पोचल्यावर दोन टाके एकत्र घेऊन घटवायचं कसं, ते आत्यानेच दाखवलं. एकदाच दाखवलं आणि हातात बसलं, कारण त्या दिवशी मला त्याची गरज होती. वडिलांनी तो स्वेटर पुढे कित्येक हिवाळे बागेत वापरला. आत्या अजूनही म्हणते, तुझं नशिबाने जमलं. नशीब कसलं? ज्याच्यासाठी करायचं तो माणूस डोळ्यांसमोर असला की हात लवकर वळतो, एवढी साधी गोष्ट आहे.

मात्र शिवणकामाचं थोडं वेगळं आहे, हे सांगायला हवं. विणलेलं उसवता येतं आणि त्याच लोकरीचं पुन्हा विणता येतं. कापड एकदा कापलं की कापलं. म्हणून विणकामात बेधडक उडी घ्या, पण शिवताना नवीन बेत आधी जुन्या साडीवर करून बघा. सुती कापड बेतायच्या आधी पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं. मशीनला साध्या सुतीसाठी 14 नंबरची सुई, तलम कापडाला 11. पहिल्याच फटक्यात कटोरी ब्लाऊज घेऊ नका. घेरदार परकर घ्या, त्यात सरळ टीप, चुण्या आणि नेफा तिन्ही येतात आणि तो लगेच वापरता येतो.

एका वेळी दोन-तीन कामं चालू असली तर बिघडत नाही. एखाद्यातून मन उडालंच तर टाके सुईवर महिनोन्‌महिने अडकवून ठेवू नका, उसवून गुंडा करा, लोकर दुसऱ्या कामाला मोकळी होते. घरच्यांना हेही सांगा.

आणि क्लास लावणार असाल तर बाईंना पहिल्या दिवशीच विचारा, अंगात घालायचं पहिलं काय शिवायचं आणि कधी? 'फाईल झाल्यावर' असं उत्तर आलं तर फी भरू नका.