कार्ड पेटीत, लेकरू फडात : लसीबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात गोवरावर लिहिलं आणि तेव्हापासून मेसेज यायलेत ते थांबेनात, कुणी टाइप करून पाठवलंय, कुणी व्हॉइस मेसेज टाकलाय, एका आजोबांनी तर नातीकडून वहीच्या कागदावर लिहून घेऊन फोटो पाठवला. सगळ्यांना उत्तर देणं जमत नाही म्हणून सहा प्रश्न घेतलेत. मी बीड जिल्ह्यात उपकेंद्रावर एएनएम म्हणजे गावची नर्स म्हणून बरीच वर्षं नोकरी केली, वाड्या-तांडे पायाखाली घातलेत, त्यामुळं जे लिहितेय ते बघितलेलं आहे. आणि एक गोष्ट आधीच सांगते, लस राहिलेली जेवढी घरं मी बघितली त्यात "नको" म्हणणारी थोडीच होती, आमच्या लसीच्या दिवशी ज्यांना घरी थांबणंच शक्य नव्हतं अशीच जास्त होती.

प्रश्न : लेक आणि सून दसऱ्याला ऊसतोडीला कारखान्यावर गेले ते पाडव्याला आले. नातू त्यांच्यासंगंच होता, आता सव्वा वर्षाचा झालाय. साडेतीन महिन्यांपर्यंतच्या सुया गावातच झाल्या, पण नववा महिना तिकडं फडाजवळच्या कोपीवर (झोपडीत) लागला म्हणून गोवराची राहिली. शेजारचे म्हणायलेत आता सगळं पहिल्यापासून करावं लागतंय, सून भिऊन दवाखान्यात जाईना. कार्डबी सापडंना. काय करावं?
— एक आजोबा, ता. शिरूर कासार, जि. बीड

आजोबा, पहिल्यापासून काहीच करायचं नाही. झालेला डोस वाया जात नाही, कितीही उशीर झाला तरी जिथं थांबलं तिथून पुढं चालू करायचं असतं, हे सुनबाईला आज जेवताना सांगा. गोवर-रुबेलाची सुई ९ महिने पूर्ण झाल्यावर असते, पण राहिली तर ५ वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात मोफत मिळते. तुमच्या नातवाला या आठवड्यात पहिली द्या, महिना झाला की दुसरी, तोवर त्याला सोळावा महिना लागलेला असेल म्हणजे बूस्टरचीही वेळ आलेली असेल. न्यूमोनियाच्या लसीचा बूस्टर, पोलिओची तिसरी सुई, व्हिटॅमिन ए चा डोस हे पण नवव्या महिन्याचंच असतं, तेही राहिलं असणार, त्यातलं आता काय द्यायचं ते सिस्टर वय बघून ठरवतील. एकाच दिवशी दोन-तीन सुया दिल्या तरी लेकराला काही होत नाही.

उशीर मात्र करू नका. गोवराइतका पसरणारा आजार मी दुसरा बघितला नाही, लस न झालेली १० लेकरं पेशंटच्या जवळ असली तर त्यातल्या ९ जणांना होतो, आणि अंगावर पुरळ दिसायच्या ४ दिवस आधीपासून तो पसरत असतो म्हणजे कळायच्या आत पोचलेला असतो. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला आणि इकडं मालेगाव, भिवंडीला साथ आली तेव्हा त्यात लस राहिलेली लेकरं किती होती ते सगळ्यांनी बघितलं. आपल्याकडं अजून "देवी आली" म्हणून लिंबाचा पाला बांधतात, बांधा, त्याला माझी हरकत नाही, पण लेकराला धाप लागली, छाती उडायला लागली, डोळे चिकटले तर त्याच घडीला दवाखाना गाठा.

आता कार्डाचं. एका तांड्यावर अशीच एक बाई, लेकराचं कार्ड कुठंय म्हटलं तर तिनं पत्र्याची पेटी उघडली, राशन कार्डाच्या खाली, लग्नाच्या पत्रिकेखाली, दोन कॅरीबॅगात गुंडाळून दोऱ्यानं बांधलेलं कार्ड काढलं, नव्यासारखं कोरं करकरीत. म्हणाली तिकडं कोपीत उंदरं कुरतडतात, पाणी गळतं, म्हणून घरीच ठेवून गेले होते. एवढं जपलेलं कार्ड आणि सहा महिने ते जिथं पाहिजे होतं तिथं नव्हतं. तुमच्याही घरात पेटी बघा आधी. नाहीच सापडलं तरी उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये नोंद असते, आशाताईच्या यादीत असते, आणि सरकारच्या लसीकरणाच्या यू-विन पोर्टलवर चढवलेलं असेल तर मोबाइल नंबरवरून निघतं. कार्ड नाही म्हणून लेकरू परत पाठवायचं नसतं, कुणी पाठवलं तर मेडिकल ऑफिसरला भेटा. आणि कार्ड सापडलं की दोन्ही बाजूंचा फोटो लेकाच्या मोबाइलमध्ये काढून ठेवा.

प्रश्न : मुलीला दीड महिन्याची सुई दिली, रात्री सणकून ताप आला, मांडी टणक झाली, रात्रभर रडली. सासूबाई म्हणतात आता पुढची द्यायची नाही. नवरा मध्ये बोलत नाही. मला द्यायची आहे.
— एक आई, जालना

ताई, तुम्हाला द्यायची आहे हे वाचून बरं वाटलं. पेंटाव्हॅलंट नावाची जी सुई मांडीत देतात ती घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (या जंतूनं होणारा न्यूमोनिया-मेंदूज्वर) अशा पाच आजारांवरची असते, तिच्यानंतर एक-दोन दिवस ताप, मांडीला सूज, चिडचिड हे बऱ्याच लेकरांना होतं. सिस्टरनं सांगितलेल्या मापानं पॅरासिटामॉल द्या, अंगावरचं पाजत राहा, सुईची जागा चोळू नका, त्यावर हळद-चुना काही लावू नका. झटका आला, लेकरू एकदम लुळं पडलं, तीन तासांच्या वर एकसारखं रडत राहिलं किंवा ताप दोन दिवसांत उतरलाच नाही तर मात्र थांबायचं नाही, दवाखान्यात न्यायचं. तसं काही झालं नसेल तर अडीच महिन्यांची सुई ठरल्या दिवशी द्या.

पण खरी गोष्ट सांगू का, इथं चूक सासूबाईंची नाही, आमची आहे. सुई दिल्यावर आईला चार गोष्टी सांगायच्या असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलेलं असतं : कोणती लस दिली, त्यानं काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढच्या वेळी कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेवा, परत आणा. ओळीत चाळीस बाया उभ्या असल्या की ही चार वाक्यं गळतात, आई घरी जाते, रात्री ताप येतो आणि घरच्यांना वाटतं लेकराला काहीतरी विपरीत झालं. ताप येईल हे आधी माहीत असलं की त्याच तापाला कुणी भीत नाही. म्हणून पुढच्या वेळी सासूबाईंनाच सोबत न्या, लेकरू त्यांच्या मांडीवर द्या, अर्धा तास थांबायचं असतं तेव्हा सिस्टरला म्हणा आईंना समजावून सांगा. घरातल्या मोठ्या बाईला मान देऊन सांगितलं तर ती मग गल्लीतल्या दहा जणींना सांगते, हे मी कितीदा बघितलंय.

प्रश्न : लेकराला घेऊन दोनदा गेलो, दोन्ही बारीला सांगितलं लेकरं कमी आहेत, बाटली फोडता येत नाही, पुढच्या महिन्यात या. एका खेपेला रोजगार बुडतो.
— एक वडील, ता. सेनगाव, जि. हिंगोली

असं करायला नको होतं. गोवर-रुबेलाची लस पावडर असते, पाणी घालून तयार केली की ४ तासांत वापरावी लागते, उरलेली फेकावी लागते, म्हणून काही ठिकाणी हात आखडता घेतात. पण नियम स्पष्ट आहे, एकच लेकरू आलं तरी बाटली फोडायची. फेकलेल्या डोसांची नोंद करायला रजिस्टरमध्ये रकाना आहे, परत गेलेल्या लेकराची नोंद कुठंच होत नाही आणि दोनदा रोजगार बुडवलेला बाप तिसऱ्यांदा येईलच असं नाही. तुम्ही प्लीज तिसऱ्यांदा जा, जायच्या आधी आशाताईला फोन करा, आणि परत तेच उत्तर मिळालं तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडं तोंडीच पण ठामपणे सांगा.

प्रश्न : मी उर्दू शाळेत शिकवतो. आमच्या मोहल्ल्यात कोरोनाच्या वेळपासून लोकांच्या मनात लसीबद्दल राग आहे, आता लहान मुलांच्या लसीलाही काही घरं दार उघडत नाहीत. मूल होत नाही लसीनं, हे अजून ऐकायला मिळतं. मी काय करू शकतो?
— एक शिक्षक, परभणी

सर, तुमच्या पत्राला मी सगळ्यात जास्त वेळ दिला. राग कुठून आला ते आठवतं मला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात लस नाही तर पेट्रोल नाही, रेशन नाही असा आदेश निघाला होता. त्यानं रांगा लागल्या असतील, पण ज्याला अडवून सुई दिली त्याच्या मनातला प्रश्न तसाच राहतो, आणि तो प्रश्न मग पुढच्या लेकराच्या वेळी दारात उभा राहतो, असं माझं मत आहे. त्याच महिन्यात तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे, आपल्या जालन्याचे, म्हणाले होते की मुस्लिम वस्त्यांत लोक कचरतात तर सलमान खानची आणि धर्मगुरूंची मदत घेऊ. यातलं धर्मगुरूंचं मला पटलं होतं, त्यात मी मोहल्ल्यातलीच माणसं जोडेन, शिक्षक, दाई, किराणा दुकानवाले चाचा, ज्यांच्याकडं लोक रोज जातात.

मूल न होण्याची अफवा जुनी आहे. पोलिओच्या थेंबांच्या वेळी उत्तर प्रदेशात हीच उठली होती, घरंच्या घरं दार लावून घ्यायची. ती पोलिसांनी मोडली नाही, मशिदीतून इमामसाहेबांनी सांगितलं, आणि त्याच गल्लीतल्या बाया घरोघर जाऊन बसल्या, ऐकून घेतलं, मग हळूहळू दारं उघडली. १३ जानेवारी २०११ ला हावड्याला पोलिओचा शेवटचा पेशंट सापडला आणि २७ मार्च २०१४ ला आपल्या देशाला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं. तेव्हा थेंब घेतलेली लेकरं आज आई-बाप झालीत, त्यांच्या मांडीवर लेकरं आहेत, हे तुमच्या मोहल्ल्यातच बोट दाखवून सांगता येतं.

दुसरं, हजला जाऊन आलेल्या बुजुर्गांना बोलवा. हजला जाणाऱ्या प्रत्येकाला मेंदूज्वराची लस घ्यावीच लागते, पोलिओचे थेंबही देतात. "मी घेतली, मग बैतुल्लाह बघून आलो" असं हाजीसाब जुम्म्यानंतर दोन मिनिटं बोलले तर माझ्या शंभर पोस्टरांपेक्षा ते जास्त चालेल. आणि आमच्या बाजूनं काय पाहिजे तेही लिहिते, म्हणजे तुम्ही ते मागून घेऊ शकाल : कॅम्प शुक्रवारी दुपारी ठेवू नका, बायांना बसायला आडोसा पाहिजे, टीममध्ये बाईच पाहिजे आणि दखनी बोलणारी असली तर फारच चांगलं, पत्रक उर्दूत पाहिजे. कॅम्प एकदा शाळेत घ्या. एकाच व्हॅक्सिन कॅरिअरमधून (लसीच्या गार डब्यातून), त्याच बाटलीतून वरच्या गल्लीतल्या आणि खालच्या गल्लीतल्या लेकरांना सुई देताना आयांनी डोळ्यांनी बघितलं की आपल्याला वेगळी लस देतात ही शंका तिथंच मिटते.

आणि जे घर नाही म्हणालं त्याच्यावर खूण करून सगळ्यांसमोर नाव घेऊ नका. परत जा, चहा प्या, काय वाटतं ते पूर्ण बोलू द्या. एका आईनं मला तिसऱ्या खेपेला सांगितलं होतं की तिच्या दिराचं मूल सुईनंतर आठ दिवसांनी गेलं, कशानं गेलं ते तिला कुणी कधी सांगितलंच नाही. ती लसीला विरोध करत नव्हती, तिला एवढंच विचारायचं होतं.

प्रश्न : आमच्याकडं लाइट दहा-दहा तास नसते. लस खराब झालेली असली तर कसं कळणार?
— एक वाचक, ता. लोहारा, जि. धाराशिव

चांगला प्रश्न. लस २ ते ८ डिग्रीत ठेवतात, आरोग्य केंद्रातला लसीचा फ्रीज घरच्या फ्रीजसारखा नसतो, लाइट गेली तरी झाकण उघडलं नाही तर बराच वेळ गार धरतो, गावात आणतात ती पण बर्फाच्या पॅकमध्ये. तुम्हाला बघायचं असेल तर बाटलीवर एक गोल आणि त्यात एक चौकोन छापलेला असतो, चौकोन गोलापेक्षा फिका असला की लस चांगली, दोन्ही एकसारखे गडद दिसले की ती वापरायची नाही. सिस्टरला दाखवा म्हणा, राग येणार नाही त्यांना.

प्रश्न : मी ऊसतोड टोळीचा मुकादम आहे. टोळीत १८ कोयते (नवरा-बायकोच्या जोड्या), सोबत सहा वर्षांखालची ११ लेकरं, दोन बाया गरोदर. दरसाल लेकरांच्या सुया राहतात हे मला दिसतंय. माझ्याच्यानं काय होईल?
— ता. धारूर, जि. बीड

दादा, नोकरीत असताना असा एक मुकादम भेटावा असं मला फार वाटायचं. तुमच्याच्यानं पुष्कळ होईल. कोपी उभी राहिली त्याच दिवशी, ज्या गावच्या शिवारात आहात तिथल्या आशाताईला नाहीतर ग्रामपंचायतीत जाऊन सांगा, आमच्या टोळीत इतकी लेकरं आहेत, इतक्या बाया गरोदर आहेत. बाहेरगावचे आहात म्हणून लस नाकारता येत नाही, कर्नाटकात गेलात तरी ती फुकटच आहे. गरोदर बाईला धनुर्वात-घटसर्पाच्या दोन सुया महिन्याच्या अंतरानं लागतात, ते पण सांगा.

वेळ तुम्हीच सुचवा. पहाटे चारला बाया फडात गेलेल्या असतात, सिस्टर अकराला कोपीवर येते आणि तिथं म्हातारी आणि कुत्रंच सापडतं. गाडी भरून गेली की बाया कोपीवर कधी असतात ते तुम्हालाच माहीत, तो टाइम सिस्टरला द्या, फोन करा. आणि खाड्याचं (गैरहजेरीचे पैसे कापण्याचं) तुमच्या हातात आहे. सुईच्या दिवशी आणि लेकराला ताप आला तर दुसऱ्या दिवशी त्या जोडीचा खाडा धरू नका, एवढं एक जाहीर केलंत तर निम्मं काम झालं, कारण बायांना सुईची भीती नसते, कापल्या जाणाऱ्या पैशाची असते.

यंदा टोळी ठरली की उचल (आगाऊ रक्कम) वाटायच्या वेळीच ११ लेकरांची नावं, जन्मतारखा आणि वर तुमचा नंबर असा कागद गावच्या आशाताईकडं द्या, जायच्या आधी जे देता येतं ते ती देऊन टाकेल. आणि दसऱ्याला ट्रकमध्ये सामान चढवताना प्रत्येक बाईला एकदा विचारा, पेटीतून कार्ड काढलं का.