‘सवय होईल’ म्हणतात, पण माप बरोबर आहे का?

प्रश्न : चाळिशीसाठी पहिल्यांदाच प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत वर लांबचा, खाली वाचनाचा नंबर) केला. लांबचं छान दिसतं, पण पेपर वाचायला हनुवटी वर करावी लागते आणि मान भरून येते. दुकानदार म्हणतात, पंधरा दिवसांत सवय होईल. वाट पाहू का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : कडेचं डोलल्यासारखं दिसणं, जिना उतरताना पायरीचा अंदाज चुकणं, याची सवय होते. हनुवटी उचलून वाचावं लागणं हे मात्र बहुतेक वेळा मापाचं दुखणं असतं. या काचेवर ‘फिटिंग क्रॉस’ नावाची खूण असते. समोर सरळ पाहताना ती बाहुलीच्या मध्यावर यायला हवी, कारण तिथून खाली नंबर हळूहळू बदलत जातो आणि वाचनाचा पूर्ण नंबर डिझाइननुसार 14 ते 18 मिमी खाली मिळतो. तुमची खूण बाहुलीच्या खाली बसली असावी, म्हणून वाचनाचा भागही खाली गेला. ती वर बसली असती, तर लांबचं धूसर दिसून तुम्ही मान खाली घालून चालला असता.

असं होण्याची नेहमीची कारणं दोन. एक, फ्रेम आधी चेहऱ्यावर बसवलीच नाही. नाकावरच्या गाद्या, कानामागचा काड्यांचा बाक, काचेचा खालचा काठ गालाकडे झुकलेला (साधारण 8 ते 12 अंश), हे सगळं जुळवायचं आणि मगच काचेवर बाहुलीसमोर खूण करायची. सैल फ्रेमवर घेतलेलं माप नंतर फ्रेम घसरली की तेवढंच चुकतं. दोन, ‘सरळ बघा’ म्हटलं की माणूस फोटोला बसल्यासारखी हनुवटी उचलतो. हनुवटी 5 अंश वर गेली, तर नजर काचेतून सव्वादोन-अडीच मिमी खालून जाते आणि खूण तेवढी खाली पडते. म्हणून ग्राहकाला आधी चार पावलं चालवावं, गप्पांत गुंतवावं आणि मान नेहमीच्या जागी आली की खूण करावी.

तुम्ही दुकानात जाऊन काचेवरच्या खुणा पुन्हा आखून मागा. प्रत्येक काचेवर 34 मिमी अंतरावर दोन बारीक लेसर खुणा कोरलेल्या असतात. त्या कंपनीच्या तक्त्यावर जुळवल्या की क्रॉस कुठे आहे ते कळतं. चूक 1-2 मिमीची असेल आणि गाद्या हलणाऱ्या असतील, तर त्या जवळ आणून फ्रेम वर उचलता येते. जाड प्लॅस्टिकच्या फ्रेमला ती सोय नसते, आणि चूक त्याहून मोठी असेल तर काच नवीनच हवी. वाचताना पेपर लांब धरावा लागत असेल, तर मात्र आधी नंबर तपासून घ्या.

प्रश्न : कागदावर पीडी (दोन बाहुल्यांमधलं अंतर, मिमीत) 64 लिहिली आहे. ऑनलाइन मागवताना 32-32 भरू का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नको. नाक क्वचितच अगदी मधोमध असतं. नाकाच्या मध्यापासून बाहुलीपर्यंत उजवीकडे 31 आणि डावीकडे 33 असेल आणि तुम्ही 32-32 दिलंत, तर दोन्ही काचांतला स्पष्ट दिसणारा उभा पट्टा 1 मिमी उजवीकडे सरकतो आणि वाचताना मान किंचित डावीकडे वळवावी लागते. एकूण बेरीज चुकणं त्याहून वाईट. दोन्ही पट्टे विरुद्ध दिशांना गेले, की दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसणारी जागा अरुंद होते. आणि जवळची (जवळ पाहताना मोजलेली) पीडी देऊ नका, लांबचीच द्या. वाचताना डोळे आत वळतात, त्याचा हिशेब काचेतच धरलेला असतो.

प्रश्न : मी चष्म्याच्या दुकानात नवीन आहे. पट्टीने माप घेताना दर वेळी वेगळा आकडा येतो. (एक वाचक, नांदेड)

उत्तर : तुमचं डोकं हलत असणार. ग्राहकाच्या डोळ्यांच्या पातळीला, सुमारे 40 सेंमीवर बसा. आपला उजवा डोळा मिटा, ग्राहकाला तुमच्या उघड्या डाव्या डोळ्याकडे पाहायला सांगा आणि त्याच्या उजव्या बाहुलीसमोर डेमो लेन्सवर (नव्या फ्रेममधली बिननंबरची काच) बारीक मार्करने खूण करा. मग डावा मिटून उजवा उघडा आणि त्याच्या डाव्या बाहुलीवर खूण करा. डेमो लेन्स नसेल तर सेलोटेप लावा. आडवं माप फ्रेमच्या नाकावरच्या पुलाच्या मध्यापासून घ्यायचं. उभं माप काचेच्या सर्वांत खालच्या बिंदूच्या पातळीपर्यंत. पायलट (थेंबाच्या आकाराच्या) फ्रेममध्ये बाहुलीच्या थेट खालचा काठ म्हणजे सर्वांत खालचा बिंदू नव्हे. इथेच बरेच जण चुकतात. उंची दोन्ही डोळ्यांची वेगळी लिहा. शेवटी फ्रेम काढून पुन्हा घाला आणि खुणा अजून बाहुलीवर आहेत का ते पाहा.

उणे 7 नंबरवाल्याला स्वतःच्या चष्म्याशिवाय तुमचा डोळा दिसणार नाही; आपल्या उघड्या डोळ्याच्या लगेच खाली छोटा टॉर्च धरा, तो उजेड त्याला दिसतो. तिरळेपणा असेल तर एकेक डोळा झाकून माप घ्या.

प्रश्न : बारीक, अरुंद फ्रेम आवडते. चालेल का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : बाहुलीपासून खाली 18 मिमी आणि वर निदान 10 मिमी मिळत असेल तर बिनधास्त. खाली 14 मिमीच असेल तर छोट्या पट्ट्याची (कमी उंचीत नंबर बदलणारी) काच घ्यावी लागते. तिच्यात कॉम्प्युटरसाठीचा मधला भाग तोकडा होतो. दिवसभर स्क्रीनसमोर बसत असाल तर आम्ही मोठीच फ्रेम सुचवू.