ऑडिटचा अहवाल वाचावा कसा, ऑडिट शिकावं कुठे?

प्रश्न : मी उपअभियंता आहे. सल्लागाराने दिलेल्या रस्ता सुरक्षा ऑडिटच्या (रस्त्यावरचे अपघाताचे धोके शोधणाऱ्या तपासणीच्या) अहवालात दीडशेवर मुद्दे आहेत आणि निम्म्या ठिकाणी एकच उपाय, ‘फलक लावावा’. स्वीकारू की परत पाठवू?

उत्तर : परत पाठवा, पण कारणं लिहून. प्रत्येक मुद्द्यात नेमकं ठिकाण आणि फोटो हवा, तिथे कोणता अपघात कसा घडू शकतो ते हवं आणि अग्रक्रमासह उपाय हवा. अपघात कसा घडेल हेच बहुतेक अहवालांतून गायब असतं. ‘क्रॅश बॅरियर (रस्त्याकडेचा लोखंडी कठडा) सदोष’ यावरून ठेकेदाराने काय करायचं? ‘कि.मी. १२/४००, डावी बाजू, बॅरियरचं टोक वाहतुकीकडे उघडं. रस्ता सोडलेली गाडी त्यावर आदळल्यास पत्रा केबिनमध्ये घुसेल’ असं लिहिलं, की टोक रस्त्यापासून बाहेर वळवायचं किंवा धडक सोसणारा प्रमाणित शेवटचा भाग, म्हणजे एंड टर्मिनल, बसवायचं, हे लगेच ठरतं.

जागेवर जाऊन स्वतः पडताळा. नेहमीच्या डब्ल्यू-बीम (इंग्रजी डब्ल्यूच्या आकाराच्या पत्र्याच्या) बॅरियरचा खांब १.८ मीटरचा, त्यातला १.१ मीटर जमिनीत. म्हणजे वर साधारण ७० सेंटिमीटर. डांबराचे नवे थर चढत गेले की तो तेवढाच ठेंगणा होतो आणि ट्रक अडवायच्या ऐवजी उलटवू शकतो. पत्र्यांचे जोडही बघा. आधी येणाऱ्या पत्र्याचं टोक पुढच्याच्या वर, वाहतुकीच्या बाजूला हवं. उलटं असेल तर घासत जाणारी गाडी त्या कडेत अडकते.

रात्रीच्या पाहणीची तारीख आणि वेळ सल्लागाराकडे मागा. पुसट पट्टे, शेव्हरॉन (वळण दाखवणारे बाणांचे फलक) नसलेलं वळण, समोरच्या गाडीच्या झोतात हरवणारा दुभाजक हे दिवसा दिसतच नाही.

सुधारित अहवाल आला की प्रत्येक मुद्द्यापुढे मान्य, अंशतः मान्य की अमान्य, त्याचं कारण आणि मुदत लिहून सही करा. ऑडिटर शिफारस करतो; निर्णय रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याचाच. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८अ नुसार रस्त्याची रचना, बांधकाम, देखभाल यांत ठरवून दिलेले निकष न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, संबंधित यंत्रणेपासून ठेकेदारापर्यंत. कारणाशिवाय धूळ खात पडलेला मुद्दा तेव्हा फार महाग पडतो.

प्रश्न : सिव्हिलची पदवी आहे, ऑडिटर व्हायचंय. कोणता कोर्स करू?

उत्तर : दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, नोएडाची भारतीय महामार्ग अभियंता अकादमी आणि काही आयआयटी पंधरा दिवसांचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम घेतात. जाण्याआधी रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची (आयआरसी) ऑडिटवरची आयआरसी:एसपी:८८ ही पुस्तिका वाचा, पण २०१९ची सुधारित आवृत्तीच. कोर्स निवडताना एकच विचारा : दिवसा आणि रात्री प्रत्यक्ष रस्त्यावर नेऊन अहवाल लिहून घेता का, आणि तो सगळ्यांसमोर तपासता का? नुसत्या स्लाइड बघून ऑडिटर घडत नाही.

दृष्टीअंतराचा, म्हणजे चालकाला पुढचा रस्ता किती लांबपर्यंत दिसतो ते तपासण्याचा सराव तर घराजवळही होईल. ताशी ८० किलोमीटरला थांबण्यासाठी १२० मीटर दिसायला हवं. त्यातले सुमारे ५५ मीटर चालकाच्या अडीच सेकंदांच्या प्रतिसादातच जातात. वळणाआधी साइडपट्टीवर, वाहतुकीपासून सुरक्षित जागी, डोळे १.२ मीटर उंचीवर ठेवून बसा आणि सोबत्याला पुढे १२० मीटरवर १५ सेंटिमीटर उंचीचं खोकं धरायला सांगा. आतल्या बाजूची झुडपं किंवा होर्डिंग आडवं आलं, की मुद्दा सापडला. मग तोच पट्टा पायी चाला. एसटी थांब्यावरून पलीकडे जाणारी आजी गाडीच्या काचेतून कळत नाही.

प्रश्न : सगळं आयआरसीप्रमाणेच आखलंय. तरी ऑडिट कशाला?

उत्तर : चढाचा माथा नियमात, फाटा नियमात, बसथांबाही नियमात, पण माथा ओलांडताच फाटा आणि फाट्यालाच थांबा, हा जोडून तयार झालेला धोका निकषांची यादी तपासून सापडत नाही. आखणाऱ्याला स्वतःच्या आराखड्यात तो दिसणंही अवघड, म्हणून तुकडी बाहेरची हवी, किमान दोघांची. आणि ती तपशीलवार आराखड्याच्या टप्प्यावरच बोलवा : नकाशावर फाटा सरकवायला रेघ खोडावी लागते, रस्ता झाल्यावर भूसंपादन करावं लागतं.