बॉबी रॉबसन यांच्यावर लिहिताना

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. इंग्लिश फुटबॉल मॅनेजर बॉबी रॉबसन यांच्यावरचा, तुमच्या न्यूकासल चाहत्यांच्या ग्रुपसमोर वाचायच्या श्रद्धांजलीचा मसुदा मिळाला, सावकाश वाचला. मेहनत दिसते आहे. पण पहिला परिच्छेद पुरता काढून टाक असं सांगणार आहे, तेव्हा जरा दम धरून पुढचं वाच.

इप्सविचचा एफए कप आणि यूएफा कप, पीएसव्हीबरोबर दोनदा लीग, पोर्टोबरोबर दोनदा लीग, बार्सिलोनाच्या एकाच मोसमातले तीन करंडक, असं सगळं तू ओळीनं लावलं आहेस. त्यात चूक एकही नाही, पण वाचताना बढतीचा अर्ज वाचतोय असं वाटतं. ३१ जुलै २००९ ला, शुक्रवारी, बॉबी रॉबसन गेल्याची बातमी आली आणि माणसं गळ्यातले स्कार्फ घेऊन सेंट जेम्स पार्ककडे, न्यूकासल क्लबच्या मैदानाकडे, निघाली. ती या यादीसाठी निघाली नव्हती. न्यूकासलला त्यांनी एकही करंडक मिळवून दिला नाही. पाच वर्षं होते, एकही नाही. तरी अख्खं शहर रडलं. तुझ्या लेखाला याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे, बाकीचं ज्याला हवं तो शोधून घेईल.

उत्तर शोधायला फार लांब जायला नको. डरहम परगण्यातल्या लँगली पार्क नावाच्या कोळसा खाणीच्या गावापर्यंत गेलीस तरी पुरे. वडील फिलिप खाणकामगार. ५१ वर्षांच्या नोकरीत त्यांची एकच पाळी चुकली, हे रॉबसन अभिमानानं सांगायचे. पोरगा स्वतःही शाळा सुटल्यावर खाणीत इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली शिकायला लागला होता. शनिवारी वडिलांचं बोट धरून तो ज्या मैदानावर मॅच बघायला जायचा, तिथेच वयाच्या ६६ व्या वर्षी मॅनेजर म्हणून आला. मधल्या काळात त्यानं इंग्लंडला १९९० च्या वर्ल्ड कपच्या उपांत्य फेरीत नेलं, हॉलंड, पोर्तुगाल, स्पेन पालथे घातले. न्यूकासलच्या गर्दीतल्या निम्म्या लोकांच्या घरी असा एक फिलिप होऊन गेलेला असणार. त्यांनी रॉबसनमध्ये आपला माणूस पाहिला, आणि तो मोठा होऊनही आपलाच राहिला हे पाहिलं.

आता १९९९ चा सप्टेंबर नीट उभा कर, कारण मसुद्यात तू तो एका वाक्यात उरकला आहेस. ऑगस्टअखेर आधीचा मॅनेजर रूड गुलिट यानं शेजारच्या सनदरलँडविरुद्धच्या डर्बीत स्ट्रायकर ॲलन शिअररला बाकावर बसवलं, मॅच हरली, गुलिटनं पद सोडलं. टीम तळाला. शिअरर म्हणजे त्या शहराचा लाडका, आणि तोच कोमेजलेला. रॉबसन आले, त्यांनी त्याला गोलकडे पाठ करून खेळण्याची सवय मोडायला लावली, आणि घरच्या पहिल्याच मॅचमध्ये, १९ सप्टेंबरला, शेफील्ड वेन्सडेवर ८-० असा विजय. पाच गोल एकट्या शिअररचे. आठ गोलांपेक्षा मला त्या एका माणसाची मान वर झाली ते महत्त्वाचं वाटतं. तूही तिथेच थांब, सविस्तर लिही.

पुढची वर्षं भराभर घे. प्रीमियर लीगमध्ये चौथा क्रमांक, तिसरा क्रमांक. त्यातली एकच रात्र निवड: १३ नोव्हेंबर २००२, रॉटरडॅम. चॅम्पियन्स लीगच्या गटातल्या पहिल्या तिन्ही मॅच हरलेली टीम, शेवटच्या मॅचला फायनूर्डशी २-२, घड्याळ संपलेलं, आणि क्रेग बेलामीचा गोल. पहिल्या तिन्ही हरूनही पुढची फेरी गाठणारा तो पहिला क्लब. या रात्रीला ट्रॉफी नाही, पण ती आठवत नाही असा न्यूकासलवाला विरळाच.

यानंतर तुझा मसुदा एकदम २००९ वर उडी मारतो. का? ३० ऑगस्ट २००४ कुठे गेला? आदल्या मोसमात पाचवा क्रमांक, नव्या मोसमाच्या चार मॅच झाल्या, विजय नाही, आणि क्लबनं त्यांना घरी पाठवलं. ते वगळलंस तर शोक समजणारच नाही. त्या दु:खात अपराधीपणाचा अंश आहे, कारण त्या दिवसांत स्टँडमध्ये कुरकुर करणारेही हेच लोक होते. आणि २००९ च्या मे महिन्यात तोच क्लब प्रीमियर लीगमधून खाली घसरला, तोही शिअरर मॅनेजर म्हणून डगआउटमध्ये असताना. म्हणजे रॉबसन गेले तेव्हा शहराला स्वतःच्या क्लबची आधीच लाज वाटत होती. आपण काय घालवलं याचा हिशेब लोक मांडत होतेच, त्यात ही बातमी. श्रद्धांजलीत कटू बोलू नये असं आपल्याकडे मानतात, पण इथे कुणाला शिव्या द्यायच्या नाहीत, फक्त तारीख लिहायची आहे. ती पुरेशी बोलते.

तुझा खरा प्रश्न पत्राच्या शेवटी, ताजा कलम म्हणून आला होता. ‘मी तेव्हा पहिलीत होते. त्यांची एकही मॅच पाहिलेली नाही. मग ग्रुपसमोर मी वाचणं बरं दिसेल का?’ बरं दिसेल, एका अटीवर. पाहिल्यासारखं लिहू नकोस. ‘तो क्षण आजही डोळ्यांसमोर उभा राहतो’ हे वाक्य खोडलं आहे मी. तुझ्या डोळ्यांसमोर व्हिडिओ आहे, तसं लिही. न्यूकासलमध्येही आज स्टँडमध्ये बसणाऱ्या कितीतरी पोरांनी त्यांना पाहिलेलं नाही. त्यांना ते बापाकडून, काकाकडून मिळाले आहेत. ऐकीव प्रेम खोटं नसतं. तू पुण्यात बसून, रात्री दीडला डोळे चोळत या क्लबच्या मॅच बघतेस, तेव्हा रॉबसनच्या काळात जमलेली माया तुझ्यापर्यंत पोचली आहे एवढं म्हणायचा तुला हक्क आहे.

त्या वेळी मी क्रीडा पानावर होतो. एजन्सीचा मजकूर लांबलचक आला होता, आमच्या पानावर त्याच्या चार ओळी झाल्या, कारण क्रिकेट. मजकुराचा उरलेला भाग मी मात्र वाचून काढला. त्यात एक गोष्ट होती, ती तुझ्या लेखात यायलाच हवी. स्टँडमधल्या खुर्च्यांवर लोकांनी शर्ट आणि स्कार्फ पसरले होते, फुलं, हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या. काळे-पांढरे पट्टे तर असणारच. पण त्यात सनदरलँडचे लाल-पांढरे शर्टही होते. या दोन गावांचं वैर तुला माहीत आहे. लग्नाच्या पंगतीतही एकमेकांशेजारी बसणार नाहीत असे लोक. त्यातला कुणीतरी उठून, आपल्या रंगाचा शर्ट घेऊन, त्या मैदानात शिरला, खुर्चीवर तो अंथरला आणि परत गेला. यावर टिप्पणी करू नकोस. फक्त दाखव.

निधनाच्या पाच दिवस आधीचा रविवारही घे. २६ जुलैला त्याच मैदानावर त्यांच्या सन्मानार्थ इंग्लंड आणि जर्मनीच्या जुन्या खेळाडूंची मॅच झाली होती, १९९० च्या त्या उपांत्य सामन्याची आठवण म्हणून. व्हीलचेअरवरून त्यांना मैदानात आणलं. खेळाडूंशी हात मिळवले. सुमारे ३३ हजार लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. कॅन्सर त्यांना पाच वेळा झाला होता, हा शेवटचा बरा होणारा नव्हता, आणि हे मैदानातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मॅचमधून येणारा पैसा त्यांच्या फाउंडेशनला. ते २००८ मध्ये पत्नी लेडी एल्सी आणि त्यांनी सुरू केलं होतं. न्यूकासलच्या फ्रीमन हॉस्पिटलमधल्या कॅन्सर संशोधन केंद्रासाठी पाच लाख पौंडांचं उद्दिष्ट होतं, ते सात आठवड्यांत पूर्ण झालं. तुमच्या ग्रुपनं नुसता फोटोला हार घालण्यापेक्षा टाटा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी वर्गणी पाठवली तर माझ्या मते अधिक शोभेल. सुचवून बघ. नाही म्हणाले तर वाद घालू नकोस.

करंडकांच्या यादीपलीकडे इप्सविचला विसरलीस, हे मात्र मला खटकलं. न्यूकासलचे आपण म्हणून सगळं दु:ख आपलंच असं नसतं. तिथे ते १९६९ ते १९८२, तेरा वर्षं होते. सुरुवातीला पोर्टमन रोडवर, म्हणजे इप्सविचच्या मैदानावर, त्यांच्याविरुद्ध घोषणाही झाल्या, पण मालक मंडळींनी धीर धरला. लहानसं गाव, बाहेरून विकत घेतलेले खेळाडू मोजके, बाकी घरी घडवलेले. १९७८ च्या एफए कप फायनलला समोर आर्सेनल, आणि गोल कुणाचा, तर रॉजर ऑस्बर्नचा. गोल केला आणि भावनेनं नि थकव्यानं इतका गळून गेला की त्याला बाहेर घ्यावं लागलं! पुढे २६ सप्टेंबर २००९ ला लीगच्या वेळापत्रकानंच दोन्ही क्लब पोर्टमन रोडवर समोरासमोर आणले. न्यूकासल ४-० नं जिंकलं, पण त्या दिवशी मध्यंतरात तिथल्या नॉर्थ स्टँडला रॉबसन यांचं नाव दिलं गेलं. स्वतःच्या मैदानावर चार गोल खाताना यजमान प्रेक्षकांनी पाहुण्यांबरोबर एकाच माणसासाठी टाळ्या वाजवल्या. हा परिच्छेद तुझ्या लेखाचा कणा होऊ शकतो.

थोडं हसूही येऊ दे. नावांचा घोळ घालण्यात ते पटाईत होते. इंग्लंडचा कॅप्टन ब्रायन रॉबसन समोर आला तर त्याला म्हणाले, ‘गुड मॉर्निंग बॉबी.’ तो म्हणाला, ‘तुम्ही बॉबी, मी ब्रायन.’ हा किस्सा सांगितला की लोक हसतात, आणि मग पुढचं ऐकायला मोकळे होतात. क्लब म्हणजे काय यावरचं त्यांचं ते प्रसिद्ध वाक्य मात्र गाळ. भिंतींवर, टी-शर्टांवर इतकं झालंय की आता कानावरून जातं.

अजून एक, थोडं अवांतर. आपले फुटबॉल प्रशिक्षक सुभाष भौमिक २०२२ च्या जानेवारीत गेले. ईस्ट बंगालला २००३ मध्ये जकार्त्यात आसियान क्लब करंडक जिंकून देणारे, आणि २०१२-१३ मध्ये चर्चिल ब्रदर्सला आय-लीग जिंकून देताना गोव्यातही काम केलेले. कोरोनाचे निर्बंध होते, गर्दी करून निरोप देता आला नाही. मराठीत त्यांच्यावर फारसं काही माझ्या वाचनात आलं नाही. हा लेख झाला की त्यांच्यावर लिहिशील का, एवढंच विचारून ठेवतो.

आता कामाचं. मोठ्यानं वाचायचं आहे, तेव्हा आठशे शब्दांच्या वर जाऊ नकोस. वाक्यं लहान ठेव, आकडे कमी. ‘महान’, ‘युगपुरुष’, ‘पोकळी’ हे तीन शब्द शोधून काढून टाक. इप्सविचचा परिच्छेद आधी लिही, मग १९९९, मग २००४, आणि सनदरलँडचा शर्ट कुठे बसतो ते शेवटी ठरव. वाचन ३१ ला आहे, म्हणजे दुसरा खर्डा २५ पर्यंत माझ्याकडे यायला हवा. हातानं लिहिलेला नको, टाइप करून पाठव, माझा चष्मा बदलायचा राहिला आहे.

तुझा,
काका