घरात दोघं, वायफायवर नऊ

प्रश्न : ताई, मी ६४ वर्षांची निवृत्त शिक्षिका. डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघंच राहतो. महिनाभर संध्याकाळचं नेट रखडतंय, म्हणून मुलाने पुण्याहून फोनवर सांगत सांगत राउटरचं पान उघडायला लावलं. त्यात नऊ उपकरणं निघाली! ओळखू आले ते टीव्ही आणि ह्यांचा विवो फोन. दोन ठिकाणी ‘एस्प्रेसिफ’ असं काहीतरी लिहिलंय, तीन ठिकाणी ‘अननोन’, एक ‘गॅलेक्सी ए१२’ आणि एक ‘रेडमी ९ पॉवर’. यादीचा फोटो सोबत जोडलाय. याशिवाय घरात माझा फोन, एक टॅब आणि दिवाळीत मुलाने बसवलेला गिझरचा प्लग व हॉलमधला रंग बदलणारा दिवा आहे. पासवर्ड म्हणजे माझा मोबाइल नंबर. जोडणी करायला आलेल्या मुलानेच तो ठेवला. लॉकडाऊनमध्ये बिल्डिंगमधली पाच-सहा मुलं ऑनलाइन शाळेसाठी आमच्या हॉलमध्ये बसायची, त्यांना तो सांगितला होता. ह्यांचा संशय वरच्या मजल्यावरच्या मुलावर आहे. उद्याच त्याच्या वडिलांना विचारतो म्हणतात. विचारावं का? आणि ही अनोळखी मंडळी घालवायची कशी? (नाव छापू नये.)

उत्तर : काकू, आधी काकांना थांबवा. मी हे कळकळीने सांगते, कारण माझ्या हातून हीच चूक झाली आहे. साताऱ्याला आईच्या घरी राउटरच्या यादीत एक अनोळखी नाव दिसलं आणि मी माडीवरच्या भाडेकरूला विचारून बसले. तो नुसता ‘नाही हो’ म्हणाला आणि खाली गेला. आठ दिवसांनी कळलं, ते नाव पाण्याच्या मोटरला लावलेल्या वायफाय स्विचचं होतं. मी माफी मागितली, पण आईकडे त्याचं पूर्वीसारखं येणं-जाणं राहिलं नाही. तेव्हापासून माझा नियम आहे : यादीतल्या प्रत्येक नावाचा हिशेब लागेपर्यंत माणसाचं नाव घ्यायचं नाही.

आता तुमची यादी. ‘एस्प्रेसिफ’ ही शांघायची कंपनी. तिच्या वायफाय चिप स्वस्तातल्या असंख्य स्मार्ट प्लग आणि दिव्यांमध्ये असतात. यादीत प्लग विकणाऱ्या ब्रँडचं नाव येत नाही, आतल्या चिपवाल्याचं येतं, म्हणून हे नाव पाहून लोक दचकतात. तुमचे दोन ‘एस्प्रेसिफ’ बहुतेक गिझरचा प्लग आणि हॉलमधला दिवा. खात्री करायची तर दिवा भिंतीवरच्या बटणाने बंद करा, दोन-चार मिनिटांनी यादी पुन्हा उघडा. एक गेला पाहिजे. (काही राउटर जुनं नाव धरून ठेवतात. तसं झालं तर खाली दिलेली हजेरीची पद्धत वापरा.)

‘अननोन’ थोडे सावकाश बघू. प्रत्येक उपकरणाला बारा अक्षरांचा एक क्रमांक असतो, त्याला मॅक अॅड्रेस म्हणतात. दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या, मध्ये विसर्गासारखी टिंबं. पहिल्या तीन जोड्यांवरून कारखाना कळतो. आयट्रिपलई ही संस्था त्या कंपन्यांना वाटून देते. पण २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयफोनवरच्या आयओएस १४ पासून फोन आपला खरा क्रमांक सहसा दाखवत नाहीत. प्रत्येक वायफायसाठी बनवलेला वेगळा क्रमांक देतात. बाजारात, स्टेशनवर फिरताना कोणी आपला माग काढू नये म्हणून केलेली ही सोय आहे. बनवलेला क्रमांक ओळखायची खूण सोपी : बारांपैकी दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असतं. तुमच्या फोटोत पहिला अननोन ‘डीए’ने सुरू होतो, दुसरा ‘७ई’ने. म्हणजे दोन्ही बहुतेक कुठलेसे फोन किंवा टॅब. आणि काकू, तुमचा स्वतःचा फोन आणि टॅब तुम्हाला यादीत सापडले नव्हते ना? तेच हे असावेत. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कचा तपशील उघडलात की त्याचा क्रमांक दिसेल, तो ताडून बघा.

तिसरा अननोन ‘सी८’ने सुरू होतो. दुसरं अक्षर ८, म्हणजे कारखान्यातून आलेला खरा क्रमांक. सेट-टॉप बॉक्स, प्रिंटर, कॅमेरा, सोलरची डबी, धुण्याचं यंत्र यांपैकी काही पत्रात लिहायचं राहून गेलंय का, आठवून बघा.

राहिले गॅलेक्सी आणि रेडमी. ही दोन्ही मॉडेलं २०२०-२१ च्या सुमाराला बाजारात आली. त्या वर्षात कितीतरी घरांत पदरमोड करून मुलांच्या शाळेसाठीच फोन घेतले गेले. फोटोत या दोघांच्या पुढे सिग्नल उणे ७८ आणि उणे ८१ दिसतोय, तर तुमच्या टीव्हीपुढे उणे ४४. हा आकडा शून्यापासून जितका लांब, तितकं उपकरण दूर किंवा मध्ये भिंती जास्त. म्हणजे हे दोन फोन तुमच्या भिंतींपलीकडे असण्याची शक्यता मोठी. पण एकदा पासवर्ड टाकला की फोन तो लक्षात ठेवतो आणि टप्प्यात आला की आपोआप जोडला जातो. मूल जिन्यावरून जातं, फोन दप्तरात असतो, कोणी काहीही दाबत नाही. तुमच्या हॉलमध्ये बसून शिकलेलं एखादं मूल या यादीत असेल, तर त्याला ते ठाऊकही नसेल. त्याला चोर कसं म्हणायचं? शिवाय अँड्रॉइड १० पासूनच्या फोनवर वायफायचा पासवर्ड चौकटी-चौकटीच्या कोडवरून दुसऱ्याला देता येतो, त्यामुळे तो कुठून कुठे गेला याचा माग लागत नाही. आणि तुमचा पासवर्ड म्हणजे तर तुमचा मोबाइल नंबर. तो दूधवाल्याकडे, वाण्याकडे आणि सोसायटीच्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहे.

पक्की हजेरी घ्यायची पद्धत अशी. एका रविवारी सकाळी दोघांच्या फोनचं आणि टॅबचं वायफाय बंद करा. टीव्ही, प्लग, दिवा यांची बटणं बंद करा. राउटर बटणाने बंद करून दोन मिनिटांनी चालू करा, म्हणजे यादीत साचलेली जुनी नावं जातील. कित्येक राउटर निघून गेलेल्या उपकरणाचं नाव दिवसभर धरून ठेवतात. मग फक्त तुमचा फोन जोडा आणि अर्ध्या तासाने यादी बघा. तुमच्या फोनशिवाय जे दिसेल, ते एक तर घरातलं विसरलेलं किंवा बाहेरचं. नंतर एकेक वस्तू चालू करत वहीत लिहा : गिझर, अमुक क्रमांक, दिवा, तमुक क्रमांक. ही वही राउटरजवळच ठेवा.

एक सांभाळा. राउटरच्या मागे टाचणीने दाबायचं बारीक भोक असतं, त्याला हात लावू नका. फायबरच्या पेटीत कंपनीने भरलेली माहिती त्याने पुसली जाते आणि मग माणूस येईपर्यंत नेट बंद.

घालवायचं कसं? यादीत नावासमोर ‘ब्लॉक’ असतं, पण माझा त्यावर भरवसा नाही. ते त्या बारा अक्षरांना अडवतं आणि फोन ती अक्षरं बदलू शकतो. आज अडवलेला उद्या नव्या क्रमांकाने आत. पासवर्ड बदलला की मात्र सगळे एकदम बाहेर, आणि कोणाच्या दारात जाऊन काही बोलायची गरज उरत नाही. तुमच्याच वस्तू पुन्हा जोडायला तासभर जाईल. प्लग आणि दिव्यासाठी मुलाला व्हिडिओ कॉलवर बसवा. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो, पण तुम्ही एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत घ्या. ‘जायफळ पागोळी सतरंजी खलबत्ता’ असं काहीतरी. तुम्हाला पाठ होईल, दुसऱ्याला सुचणार नाही. (हेच चार घेऊ नका, ते आता छापले गेले.) त्याच वेळी राउटरचं पान उघडायचा पासवर्डही बदला; तो वेगळा असतो आणि बहुतेक घरांत पेटीखालच्या चिठ्ठीवरचाच राहून जातो.

त्याच पानावर ‘डब्ल्यूपीएस’ (पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने उपकरण जोडायची सोय) दिसलं तर तेही बंद करा. त्यातला आठ आकडी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्यांवरून ठरतो, त्यामुळे कोट्यवधींऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. ही त्रुटी २०११ मध्येच उघड झाली आहे. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय असेल तर ती चालू करा. नातवंडांचे मित्र, कामाच्या मावशी, सगळ्यांना तो दुसरा पासवर्ड द्या आणि दर दिवाळीला बदला. द्यायचं बंद करा असं मी म्हणणार नाही. लॉकडाऊनमध्ये तुम्ही हॉल उघडा ठेवलात, ते चांगलंच केलंत.

काकांचा धसका मात्र अगदी अनाठायी नाही. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत स्फोट झाले, त्याआधी काही मिनिटं गेलेल्या धमकीच्या ईमेलचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत पोचला. तिथे राहणाऱ्या अमेरिकन माणसाचं वायफाय पासवर्डशिवाय उघडं होतं आणि ते दुसऱ्याच कोणी वापरलं होतं. तो निर्दोष होता, पण चौकशी त्याच्या दाराशी आली.

पासवर्ड बदलूनही संध्याकाळी नेट रखडलंच, तर कारण बहुधा बाहेरचं आहे. कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या.

प्रश्न : वायफायचं नावच लपवलं तर कोणाला दिसणार नाही आणि कोणी शिरणारही नाही, असं आमच्याकडचा केबलवाला म्हणतो. खरं आहे का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : नाही. नाव लपवलं की शेजाऱ्याच्या फोनवरच्या यादीत ते येत नाही, एवढंच. शोधायचं साधन असणाऱ्याला ते तरीही सापडतं. उलट तुमचा फोन जिथे जाईल तिथे ‘अमुक नावाचं वायफाय आहे का’ असं पुकारत फिरतो, म्हणजे लपवलेलं नाव तुम्हीच गावभर सांगता. नाव दिसू द्या. त्यात आडनाव आणि फ्लॅट नंबर तेवढा घालू नका. राउटरच्या पानावर सुरक्षेच्या ठिकाणी डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) निवडा, जुनी उपकरणं त्यावर जोडली जात नसतील तर डब्ल्यूपीए२.