आया ऐकतच नाहीत, मॅडम

"सांगून सांगून घसा बसला, पण आया ऐकतच नाहीत, मॅडम." उपकेंद्रातल्या एएनएम (आरोग्यसेविका), प्रसूती वॉर्डातल्या स्टाफ नर्स, आशाताई, सगळ्यांच्या तोंडून मी हे ऐकत आलेय. कुणी बीडकडची, कुणी जालन्याची, कुणी हिंगोलीची. माझ्याकडे त्या येतात ते दुसऱ्याच कारणानं. झोप लागत नाही, डोकं ठणकतं, घरी गेल्यावर स्वतःच्याच लेकरांवर ओरडणं होतं. बोलणं जरा मोकळं झालं की खालून हे वाक्य वर येतं, आणि त्यात रागापेक्षा अपयशाची भावना जास्त असते.

अलीकडे हीच तक्रार इतक्यांदा कानावर आली, की एका सिस्टरची गोष्ट लिहावी असं वाटलं. नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. बऱ्याच भेटींमधलं बोलणं इथं थोडक्यात आणलंय.

शोभाताईंचं उपकेंद्र बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. दसरा झाला की निम्मं गाव ट्रक-ट्रॅक्टरात बसून ऊसतोडीला जातं, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, आणि कारखाना बंद झाला की उन्हाळ्याच्या तोंडाला परततं. गाव परतलं की शोभाताईंची झोप जाते. वजनं घ्यायची, रंगीत पट्टीनं दंडघेर मोजायचा, आणि मासिक बैठकीत लाल-पिवळ्यातली, म्हणजे कुपोषित, लेकरं किती वाढली याची उत्तरं द्यायची. "पोरं फडावर वाळतात आणि बोलणी मी खाते," त्या म्हणाल्या. बदलीचा अर्ज पर्समध्ये घालूनच फिरत होत्या.

मी विचारलं, "रात्री डोळ्यांसमोर कुणाचं तोंड येतं?"

"रेणुकाचं. पोरगी अकरा महिन्यांची, दंड ११.८ सेंटिमीटर. पिवळ्यात. दिवसातून चार वेळा खायला घाल, पातळ देऊ नको, हे किती वेळा सांगितलं असेल! ती नुसती मान हलवते. पुढल्या वेळी काटा तिथंच."

"मग तुम्ही काय करता?"

"रागावते. दुसरं काय करू?"

"ताई, रेणुका बरोबर काय करते?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग जरा चिडून म्हणाल्या, "बरोबर केलं असतं तर लेकरू पिवळ्यात कशाला गेलं असतं?"

या एका वाक्यात आपल्या आरोग्यसेवेची सगळी सवय आली. सिस्टरला शिकवलं जातं ते काय कमी आहे ते शोधायला. वजन कमी, रक्त कमी, डोस राहिला, दोन बाळांतलं अंतर राहिलं. रजिस्टरचे रकाने तसेच, बैठकीतले प्रश्नही तसेच. कमी शोधू नका असं मी कधीच म्हणणार नाही. दंडघेराच्या त्या पट्टीनं लेकरं वाचवलीत. दंड १२.५ सेंटिमीटरच्या खाली आला की पिवळा, ११.५ च्या खाली गेला की लाल, आणि लाल म्हणजे जिवाला धोका. हे कळलंच पाहिजे. पण जे लेकरू अकरा महिने जगलं, त्यातले पाच महिने उसाच्या पाचटाच्या कोपीत थंडी-वाऱ्यात जगलं, त्याला कुणीतरी तोलून धरलंय. कुणी आणि कसं, याला रजिस्टरात रकाना नाही.

माझा स्वतःचा कल पहिल्यापासून या बाजूचा आहे. कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मोइरा अॅलन यांनी १९७० च्या दशकात परिचर्येचा एक विचार घडवला. नर्सनं कुटुंबाच्या अंगी जे आहे ते ओळखावं आणि त्यावरच पुढची काळजी उभी करावी. पुढे लॉरी गॉटलिब यांनी त्याला बलस्थानांवर आधारलेल्या परिचर्येचं भरीव रूप दिलं. हे विचार मॉन्ट्रियलचे असले तरी त्यांची खरी गरज मला आपल्या डोंगरपट्ट्यात दिसते, कारण इथल्या बाईला तिचं काय चुकलं ते सांगणारे ढीगभर आहेत.

शोभाताईंना मी एकच काम दिलं. रेणुकाच्या घरी जा, काटा-पट्टी नेऊ नका. लेकराला खाऊ घालताना नुसतं बघा. आणि एवढंच विचारा, "फडावर असताना हिला कसं सांभाळलं?"

पुढच्या भेटीत त्या खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागल्या.

रेणुकानं सांगितलं होतं की पहाटे चारला फडावर जाताना पोरगी सोबतच असायची, बांधावर साडीच्या झोळीत. ती रडली की रेणुका कोयता ठेवून अंगावर पाजायची, तेवढा वेळ नवरा एकटा तोडायचा. लसीकरणाचं कार्ड तिनं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोपीच्या मेढीला टांगलेलं. मार्चमध्ये नववा महिना भरला तेव्हा कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्याचा पत्ता विचारत विचारत गेली आणि गोवर-रुबेलाची सुई देऊन आली. त्या दिवसाची मजुरी बुडाली, मुकादमाचं बोलणं खाल्लं.

"आणि मॅडम, ती घास भरवते ते तुम्ही बघायला पाहिजे होतं. पोरीनं तोंड फिरवलं तर ती थांबते. जबरदस्ती नाही की तोंड दाबणं नाही. जिभेनं टकटक आवाज काढते, पोरगी हसते, मग तोंड उघडते."

"वाटीत काय होतं?"

"वरणाचं पाणी. तेच ते! मी रागावणारच होते. पण तुमचं आठवलं. म्हटलं, रेणुका, तू वाट बघतेस म्हणून ही तोंड उघडते. हे शिकवूनही कित्येकींना जमत नाही. आता याच वाटीत डाळ जरा घट्ट येऊ दे."

इतके दिवस नुसती मान हलवणाऱ्या रेणुकानं तेव्हा पहिल्यांदा उलट विचारलं, "घट म्हंजी किती घट, बाई? ठसका लागला तर?"

फडावर एकदा पोरीच्या घशात भाकरीचा तुकडा अडकला होता. आसपास कुणी मोठं माणूस नाही. पाठीवर थापा मारून मारून तो निघाला, पण लेकरू निळं पडलं होतं. तेव्हापासून रेणुकाच्या हातून घट्ट काही जाईना. वरणाचं पाणी तिनं आळसानं दिलं नव्हतं, अडाणीपणानंही नव्हतं. लेकरू जगावं म्हणून ती पातळ देत होती आणि त्या पातळपणामुळेच ते वाळत होतं.

हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. त्या घरात इतक्या भेटी झाल्या, इतके सल्ले दिले गेले, आणि ही भीती एकदाही बाहेर आली नाही. रागावणाऱ्या माणसासमोर कोण आपली भीती उघडी करेल? आई आधीच खजील असते. तिला आणखी बोललं की ती मान हलवून मोकळी होते, आणि सिस्टरला सगळ्यात जास्त जे कळायला हवं तेच तिच्या पोटात राहतं. तिच्यातलं खरोखर चांगलं कुणी नेमकं सांगितलं, की ती प्रश्न विचारते. कौतुक तिला बरं वाटावं म्हणून करायचं असा समज आहे, पण मला त्याचं मोल या उलट आलेल्या प्रश्नात दिसतं.

मग शोभाताईंमधली तरबेज सिस्टर जागी झाली. डाळ-भात बोटांनी मऊ करून चमच्यावर घेतला आणि चमचा तिरका करून दाखवला, "ओघळला नाही ना? एवढं घट्ट." वर चमचाभर तेल. लेकराला मांडीवर ताठ बसवून भरवायचं. खोकल्याचा आवाज येत असेल तर त्याला खोकू द्यायचं, घास तेच बाहेर काढतं. आवाजच बंद झाला तर हातावर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून, दोन खांद्यांच्या मध्ये तळव्यानं पाच थापा. तेवढ्यानं नाही निघालं तर पुढं काय करायचं तेही. सासूला बोलावून तिच्याकडूनही करून घेतलं, कारण दिवसभर लेकरू तिच्याजवळच असणार होतं.

काटा लगेच धावला नाही. मध्ये जुलाब लागले, ओआरएस आणि १४ दिवस झिंकच्या गोळ्या झाल्या, थोडं वजन उतरलंही. पुढे हळूहळू दंड हिरव्यात आला.

शोभाताईंचं काय? त्यांच्याबाबतीत मी तेच केलं जे त्यांना रेणुकासाठी सांगितलं होतं. विचारलं, "तुमचं गाव बाहेर जातं तेव्हा तुम्ही काय करता?" त्या सहज म्हणाल्या, दसऱ्याआधी घरोघर जाऊन कोण कोणत्या कारखान्याला जाणार ते वहीत लिहून घेते, फोन नंबर घेते, डोसची तारीख जवळ आली की फोन करते. कुणी सांगितलं नव्हतं. बैठकीत कुणी कधी विचारलंही नव्हतं. रेणुकाला ते कार्ड पिशवीत घालून मेढीला टांगायला कुणी सांगितलं होतं, हे त्यांना माझ्यासमोर बसल्यावर आठवलं. त्या बराच वेळ रडल्या. बदलीचा अर्ज तेव्हाच फाडला असं नाही, पण झोपेची गोळी मागायला त्या पुन्हा आल्या नाहीत. जिला वर्षानुवर्षं फक्त उणं दाखवलं जातं, ती पुढच्या बाईलाही उणंच दाखवते. ही साखळी मध्येच तोडता येते हे मी अनेक सिस्टरांच्या बाबतीत पाहिलंय, आणि माझ्या कामातलं हेच मला सर्वांत मोलाचं वाटतं.

आता हे वाचणाऱ्या सिस्टरांना थोडं सांगते.

"छान हं, शाब्बास" याचा उपयोग नाही. तिनं काय केलं आणि लेकराला त्यानं काय झालं, हे दोन्ही सांगा. "तुम्ही छातीशी धरलंत, ते लगेच शांत झालं." खोटं काही म्हणू नका, आईला ते चटकन कळतं. सल्ला द्यायच्या आधी विचारा, "तुम्ही काय काय करून बघितलं?" अर्ध्या वेळा उपाय तिच्याकडेच असतो आणि उरलेल्या वेळी अडचण कळते.

कष्ट सोसणं म्हणजे बलस्थान असं मात्र मानू नका. पहाटे चारला फडात उतरणाऱ्या बाळंतिणीचं कौतुक करून तिच्यावरचा भार हलका होत नाही. फडावर लेकरं सांभाळायला आठ-दहा वर्षांच्या पोरींना शाळेतून काढून नेतात, त्याला तर बलस्थान मुळीच म्हणू नये. अशा ठिकाणी नवरा, सासू, शेजारीण, अंगणवाडी, कुणाचे हात मिळतील ते बघायचं.

लाल पट्टी, दोन्ही पायांवर सूज, लेकरू अंगावर ओढत नाही, गुंगीत आहे, झटका आला, श्वासाला छाती आत जाते, यांपैकी काहीही दिसलं तर आधी दवाखाना. तिथं बलस्थानं शोधत बसायचं नाही.

आणि लेकराचंही बघा. जन्मलेलं बाळ आईच्या आवाजाकडे वळतं, तळहातात बोट दिलं की पकडतं, छातीशी धरलं की आईचा चेहरा जितक्या अंतरावर येतो तेवढ्यावरचं त्याला दिसतं. हे बाळंतिणीला हातानं दाखवा. पहिल्याच लेकराची आई घाबरलेली असते. "हे बघा, तुमचा आवाज ओळखला" एवढ्यानं तिचा हात सैल होतो. दवाखान्यात बाळंत झालेलीच्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातातच. दर खेपेला बाळाचं एक आणि आईचं एक, एवढं बोललं तरी पुरे.

यावर हमखास येणारा प्रश्न, "मॅडम, वेळ कुठंय?" वेळ खरंच नसतो. एका एएनएमच्या माथी किती गावं आणि किती रजिस्टरं असतात ते मला माहीत आहे. पण लसीकरणाच्या दिवशी सुई दिल्यावर आईला अर्धा तास बसवून ठेवावंच लागतं. शोभाताई आता त्या अर्ध्या तासात एकेकीजवळ जाऊन विचारतात, "हे रडलं की तुम्ही काय करता, की ते गप होतं?" बाकीच्या आया कान देऊन ऐकतात. पुढच्या महिन्यात त्यांच्यातलीच एखादी दुसरीला सांगत असते, आणि ते ऐकलंही जातं.